वाचकांचे प्रश्न : ग्लीसनचा ‘सहा’, घरचं ताट आणि लघवीची गोळी

या वेळी सातारा-सांगली भागातून आलेली बरीच पत्रं एकाच विषयावर आहेत. प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर निघाला, पण ‘कमी जोखमीचा’ आहे, ऑपरेशन नको, नुसतं लक्ष ठेवू, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग या काळात खायचं काय आणि एखादी गोळी आहे का? पत्रलेखकांची नावं त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत. उत्तरं मूत्ररोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : वय ६७. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागायचं म्हणून तपासण्या केल्या. पीएसए (प्रोस्टेट तयार करते त्या प्रथिनाची रक्तातली पातळी) ६.२ आला, सोनोग्राफीत प्रोस्टेट ४६ ग्रॅम. मिरजेला बायॉप्सी झाली, म्हणजे सुयांनी प्रोस्टेटचे बारीक तुकडे काढून तपासले. बारापैकी दोन तुकड्यांत कॅन्सर आहे, ग्लीसन ३+३=६ लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही करायचं नाही, सहा महिन्यांनी या. घरचे म्हणतात, दहापैकी सहा म्हणजे निम्म्याच्या पुढे गेला, आणि कॅन्सर अंगात ठेवून कुणी गप्प बसतं का? (कराड)

उत्तर : आधी त्या ‘सहा’चं बघू. ग्लीसन म्हणजे शाळेतले मार्क नव्हेत. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरच्या पेशींची मांडणी बघून तिला ३, ४ किंवा ५ असा दर्जा देतात. सगळ्यात जास्त दिसणाऱ्या मांडणीचा दर्जा आणि तिच्या खालोखाल दिसणारीचा दर्जा, यांची बेरीज म्हणजे ग्लीसन. १ आणि २ हे दर्जे बायॉप्सीत आता देतच नाहीत. त्यामुळे बेरीज सुरूच ६ पासून होते आणि १० पर्यंत जाते. तुमचा सहा म्हणजे मोजपट्टीचं पहिलं घर. रिपोर्टात शेजारी ‘ग्रेड ग्रुप १’ असं लिहिलं असेल, पाच गटांतला पहिला. घरच्यांना तो शब्द दाखवा, लवकर पटेल.

कमी जोखीम म्हणायला तीन गोष्टी लागतात : ग्लीसन ६, पीएसए १० च्या आत, आणि गुदद्वारातून बोटाने तपासताना गाठ एकतर लागत नाही किंवा एका बाजूच्या निम्म्या भागातच आहे. चौथा हिशेब तुम्ही घरी करू शकता. पीएसएला प्रोस्टेटच्या आकाराने भागा. ६.२ भागिले ४६ म्हणजे सुमारे ०.१३. हा आकडा ०.१५ च्या खाली असला की चांगलं. वयाने वाढलेली मोठी ग्रंथी स्वतःच पीएसए तयार करते, त्यामुळे तुमच्या ६.२ मधला बराचसा भाग त्या वाढीचाच असण्याची शक्यता जास्त.

आता गप्प बसण्याबद्दल. ब्रिटनमध्ये १९९९ ते २००९ या काळात प्रोस्टेटपुरताच कॅन्सर सापडलेल्या १,६४३ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले : एकावर नुसतं लक्ष, दुसऱ्याचं ऑपरेशन, तिसऱ्याला रेडिएशन. पंधरा वर्षांनंतरचा हिशेब २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू लक्ष ठेवलेल्या गटात ३.१ टक्के, ऑपरेशनच्या २.२ टक्के, रेडिएशनच्या २.९ टक्के. तिन्ही गट मिळून ३५६ जण वारले, त्यातले प्रोस्टेट कॅन्सरने ४५. बाकीचे इतर कारणांनी. आणि या अभ्यासात सगळे कमी जोखमीचे नव्हते, मध्यम जोखमीचेही होते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. लक्ष ठेवलेल्या गटात कॅन्सर शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण ९.४ टक्के होतं, बाकी दोन गटांत ५ टक्क्यांच्या आसपास. शिवाय पंधरा वर्षांत त्या गटातल्या ६१ टक्के लोकांनी पुढे कधीतरी ऑपरेशन किंवा रेडिएशन घेतलंच. पण त्या काळातलं लक्ष ठेवणं म्हणजे मुख्यतः पीएसए मोजत राहणं. आज त्यात एमआरआय आणि ठरावीक काळाने पुन्हा बायॉप्सी आली आहे.

म्हणून तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं त्याला गप्प बसणं म्हणू नका. त्याचं वेळापत्रक असतं : पीएसए दर सहा महिन्यांनी, बोटाची तपासणी वर्षातून एकदा, आणि पहिल्या वर्षाच्या आसपास दुसरी बायॉप्सी. तुमची बायॉप्सी एमआरआय न करता झाली असेल तर तो आता करून घ्या, मात्र बायॉप्सीनंतर साधारण आठ आठवडे जाऊ द्या. सुयांमुळे ग्रंथीत रक्त साकळलेलं असतं आणि ते चित्रात गाठीसारखं दिसू शकतं. दुसऱ्या बायॉप्सीचं कारण साधं आहे. बारा सुया मिळून ग्रंथीचा फारच थोडा भाग बाहेर काढतात, आणि ग्रंथीच्या पुढच्या भागात दडलेली गाठ पहिल्या वेळी हुकते. ती वेळेत सापडली तर उपचाराची संधी तशीच शिल्लक असते.

हाडांचा स्कॅन आणि पेट (PET) स्कॅन या टप्प्यावर लागत नाहीत. कुणी सुचवले तर ‘कशासाठी?’ असं जरूर विचारा.

प्रश्न : माझे सासरे ७० वर्षांचे, वरच्यासारखाच कॅन्सर आहे. स्वयंपाकघर माझ्याकडे आहे. कुणी सांगतं दूध बंद करा, कुणी म्हणतं मटण-अंडी बंद, कुणी टोमॅटो रोज द्या म्हणतं. आमच्याकडे भाजीत शेंगदाण्याचं कूट, घरचं म्हशीचं दूध, रविवारी मटण असं चालतं. नेमकं काय बदलू? (विटा)

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट, म्हणजे तुमच्यावरचं ओझं थोडं उतरेल. ताटात बदल करून हा कॅन्सर थांबतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेत याच अवस्थेतल्या ४७८ पुरुषांवर दोन वर्षांचा अभ्यास झाला. निम्म्यांना फोनवरून वारंवार मार्गदर्शन करून दिवसाला भाज्यांच्या सात किंवा जास्त वाढण्यांपर्यंत नेलं. त्यांनी भाज्या खरोखर वाढवल्या, रक्तातही फरक दिसला. पण २०२० मध्ये निकाल आला तेव्हा कॅन्सर पुढे सरकण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणून सासऱ्यांचा पीएसए पुढच्या वेळी वाढला, तर ‘माझ्या हातच्या जेवणाने वाढला’ असं मनात आणू नका. घरातल्या कुणी तसं बोलून दाखवलं तर हा अभ्यास त्यांना सांगा.

मग बदल कशासाठी? कमी जोखमीचा प्रोस्टेट कॅन्सर असलेल्या पुरुषांचा जीव या कॅन्सरपेक्षा हृदयविकाराने जाण्याची शक्यता जास्त असते. जे ताट हृदयाला चांगलं, ते इथेही चालतं. आणि पोट सुटलेलं असणं या कॅन्सरसाठीही वाईटच.

आमच्या मते तुमच्या घरात सर्वांत आधी बघायची गोष्ट तेल. माणशी महिना अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला साधारण तीन चहाचे चमचे, सगळं मिळून. चार माणसांना महिना दोन लिटर. डबा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा, संपेल तेव्हा पुन्हा बघा; अंदाज आणि खरा खप यातला फरक तिथे कळतो. त्यात कूट वेगळं मोजावं लागतं. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत जवळजवळ १४ ग्रॅम तेल असतं, तीन चमच्यांइतकं. कूट वाईट नाही, पण आमटीत कूट, भाजीत कूट, वर शेंगदाण्याची चटणी आणि संध्याकाळी भडंग, हे सगळं एका दिवसात नको.

तेल कोणतं, यावर अलीकडे थोडी माहिती आली आहे. २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका अभ्यासात देखरेखीखालच्या १०० पुरुषांपैकी निम्म्यांना वर्षभर ओमेगा-३ जास्त आणि ओमेगा-६ कमी (हे तेलातल्या स्निग्धांशाचे दोन प्रकार) असा आहार आणि सोबत माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या. कॅन्सरच्या पेशी किती वेगाने वाढतात ते दाखवणारं एक मोजमाप त्यांच्यात सुमारे १५ टक्क्यांनी उतरलं, नेहमीचं खाणाऱ्यांत २४ टक्क्यांनी चढलं. ग्लीसनमध्ये मात्र फरक पडला नाही. म्हणजे आशा आहे, पुरावा अजून अर्धाच आहे. करडई, सूर्यफूल, सोयाबीन या तेलांत ओमेगा-६ भरपूर असतं. त्यांनी कोलेस्टेरॉल उतरतं, त्यामुळे ती फेकून द्यायची गरज नाही. शेंगदाणा किंवा मोहरीचं तेल आलटून-पालटून वापरा आणि एकूण खप खाली आणा. मासे खात असतील तर रत्नागिरीकडून येणारा बांगडा किंवा तारली आठवड्यातून दोनदा, कालवण करून. तळलेला मासा खाल्ला तर तेलाचा सगळा हिशेब बिघडतो.

शाकाहारी दिवसांसाठी जवसाची चटणी आहेच. ऑपरेशनची वाट बघणाऱ्या १६१ पुरुषांच्या एका अभ्यासात रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस महिनाभर दिलं, तेव्हा गाठीतल्या पेशींचा वाढीचा वेग कमी दिसला. आयुष्य वाढतं का, ते त्यातून कळत नाही. पण वस्तू स्वस्त आणि आपल्याच शिवारातली आहे. आठवड्याचं प्रमाण असं : २०० ग्रॅम जवस कोरड्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं, तडतडायला लागेपर्यंत. जास्त भाजलं तर कडवट होतं. पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर मिक्सरमध्ये तेल सुटून गोळा होतो. सुक्या मिरच्या, लसूण, जिरं, मीठ घालून भरड वाटा. दाणे अख्खे राहिले तर तसेच पोटातून निघून जातात, उपयोग काही नाही. घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा आणि एका वेळी आठवड्याचीच करा, दळलेलं जवस लवकर खवट होतं. सुरुवात दिवसाला एका चमच्याने करून हळूहळू तीन मोठ्या चमच्यांपर्यंत जा, वर पाणी भरपूर. जवसाचं तेल वाढलं तेवढं कूट कमी करा.

दूध बंद करू नका, मोजा. रोज खूप दूध पिणाऱ्या आणि कॅल्शियम फार जास्त घेणाऱ्या पुरुषांत हा कॅन्सर थोडा जास्त दिसल्याच्या नोंदी आहेत, पण त्या निरीक्षणाच्या आहेत, कारण सिद्ध झालेलं नाही. एक कप साय काढलेलं दूध आणि जेवणात वाटीभर दही-ताक पुरे. रात्री तांब्याभर आटवलेलं दूध, सायीसकट, ही सवय सोडवा. डॉक्टरांनी लिहून दिल्या नसतील तर कॅल्शियमच्या गोळ्याही नकोत.

मटण आठवड्यातून एकदा, शिजवलेलं १०० ते १२५ ग्रॅम, चरबी काढून, तर्री बाजूला करून. निखाऱ्यावर काळं होईपर्यंत भाजलेलं नको. अंडी आठवड्याला तीन-चार चालतील. टोमॅटो शिजवून, थोड्या तेलासोबत खाल्ला तर त्यातलं लायकोपिन हे लाल रंगद्रव्य अंगी लागतं. सार करा, चटणी करा, पण औषध म्हणून त्याच्याकडे बघू नका. भाकरी आहे तशीच ठेवा, ज्वारी-बाजरी उत्तम. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा, मटकी, हुलगा यांपैकी काहीतरी रोज एक वाटी. आणि सासरे बिडी ओढत असतील तर वरच्या सगळ्यापेक्षा ती सुटणं मोठं. धूम्रपान करणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यूचं प्रमाण जास्त असतं, हे मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे.

प्रश्न : आमची डाळिंबाची बाग आहे आणि हळदही घरची. डाळिंबाचा रस आणि हळदीच्या कॅप्सूल कॅन्सरवर चालतात असं सगळे सांगतात. सोबत व्हिटॅमिन ई आणि एक आयुर्वेदिक पुडी चालू आहे. किती घ्यावं? (आटपाडी)

उत्तर : ब्रिटनमध्ये १९९ पुरुषांना सहा महिने डाळिंब, हळद, ग्रीन टी आणि ब्रोकोली यांच्या अर्काची एकत्र गोळी किंवा दिसायला तशीच खोटी गोळी दिली. खरी गोळी घेणाऱ्यांत पीएसए बराच कमी वाढला. पण पीएसए कमी वाढणं म्हणजे कॅन्सर मंदावणं, असं धरता येत नाही. नुसत्या डाळिंबाच्या अर्कावर पुढे खोट्या गोळीशी तुलना झाली तेव्हा एकूण फायदा दिसला नाही. डाळिंब खा, रसापेक्षा दाणे खा. मधुमेह असेल तर रस मोठा पेलाभर नकोच.

फोडणीतली हळद आणि कॅप्सूलमधली हळद या दोन वेगळ्या वस्तू समजा. कॅप्सूलमध्ये कर्क्युमिन हा हळदीतला घटक दाट केलेला असतो आणि अंगात जास्त शोषलं जावं म्हणून मिऱ्यातला घटक घातलेला असतो. अशा कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाची भीतीही वाढते.

व्हिटॅमिन ई आजच थांबवा. अमेरिकेत ३५ हजारांहून जास्त पुरुषांवर झालेल्या अभ्यासात रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांना प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त झाला, हे २०११ मध्ये समोर आलं. त्याच अभ्यासात दिलेल्या सेलेनियम या खनिजाचा उपयोग झाला नाही, आणि ज्यांच्या अंगात ते आधीच भरपूर होतं त्यांच्यात आक्रमक कॅन्सर वाढला. मल्टिव्हिटॅमिनच्या डब्यावर ही दोन नावं आणि प्रमाण वाचूनच विकत घ्या.

पुडीवर घटक छापलेले नसतील तर घेऊ नका. अमेरिकेत पीसी-स्पेस नावाचं वनौषधींचं मिश्रण प्रोस्टेट कॅन्सरवर खूप चाललं होतं, पीएसए झरझर उतरायचा. तपासलं तेव्हा त्यात कृत्रिम स्त्री-हार्मोन आणि रक्त पातळ करणारं औषध मिसळलेलं निघालं, आणि २००२ मध्ये ते बाजारातून काढलं गेलं. पुडीने पीएसए अचानक निम्म्यावर आला तर आनंद मानण्याआधी पुडीत काय आहे याची शंका घ्या. काहीही घेत असाल, भस्म, शिलाजित, अश्वगंधा, ते सगळं डॉक्टरांना पाकिटासकट दाखवा.

प्रश्न : वय ७१. ग्लीसन ६. लघवीची धार बारीक म्हणून आठ महिन्यांपूर्वी एक कॅप्सूल सुरू झाली. तेव्हा पीएसए ७.८ होता, आता ३.९ आहे. लॅबने ‘नॉर्मल’ लिहिलंय. कॅन्सर निम्मा झाला असं समजू का? तपासण्या बंद केल्या तर चालेल? (सांगली)

उत्तर : नाही, आणि हे उत्तर इतरांनीही नीट वाचावं, कारण या ठिकाणी फसगत फार होते.

कॅप्सूलच्या पट्टीच्या मागे बारीक अक्षरात बघा. लघवीसाठी दोन प्रकारची औषधं देतात. टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम हे फक्त स्नायू सैल करतं. त्याचा पीएसएशी किंवा कॅन्सरशी संबंध नाही. ड्युटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅम किंवा फिनास्टेराइड ५ मिलिग्रॅम हे ग्रंथी आक्रसवतं. आपल्याकडे टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास मिळतं आणि घरात तिला नुसती ‘लघवीची गोळी’ म्हणतात. ड्युटास्टेराइड सुरू केल्यावर सहा महिन्यांत पीएसए साधारण निम्मा होतो, कॅन्सर तिथेच असला तरी. म्हणून आकडा दुपटीने वाचायचा. तुमचा ३.९ म्हणजे ७.८, आहे तिथेच. लॅबच्या यंत्राला तुमची कॅप्सूल ठाऊक नसते.

पुढचा धोका यापेक्षा मोठा. या औषधावर पीएसएने गाठलेला सर्वांत खालचा आकडा तुमच्यासाठी महत्त्वाचा. समजा पुढच्या वेळी तो ३.१ झाला आणि त्यानंतर ३.८. कागदावर दोन्ही ‘नॉर्मल’, तारांकित काही नाही, पण तळापासून वर चढू लागला ही धोक्याची खूण आहे. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. चढ खरा निघाला तर एमआरआय आणि बायॉप्सीचा विचार लगेच व्हायला हवा.

आता या औषधाचा कॅन्सरवर उपयोग होतो का? तुमच्यासारख्या ३०२ जणांवर तीन वर्षं ड्युटास्टेराइड विरुद्ध खोटी गोळी असा अभ्यास झाला, निकाल २०१२ चा. कॅन्सर पुढे सरकलेले ड्युटास्टेराइडवर ३८ टक्के, खोट्या गोळीवर ४८ टक्के. फरक आहे, पण जीव वाचतो हे त्यातून सिद्ध होत नाही. याआधी फिनास्टेराइडवर अठरा हजारांहून जास्त निरोगी पुरुषांचा अभ्यास झाला होता. कॅन्सर चतुर्थांशाने कमी झाले, मात्र आक्रमक जातीचे कॅन्सर थोडे जास्त दिसले : तपासलेल्या पुरुषांपैकी ६.४ विरुद्ध ५.१ टक्के. ग्रंथी आक्रसल्यामुळे सुईला आक्रमक भाग सापडणं सोपं होतं, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे, आणि पुढच्या अनेक वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यू वाढले नाहीत. तरीही कॅन्सरवरचं औषध म्हणून या गोळ्यांना मान्यता नाही.

आमचं मत असं : ग्रंथी मोठी आहे, लघवीचा त्रास आहे आणि सोबत कमी जोखमीचा कॅन्सर आहे, तर ड्युटास्टेराइड घेण्यात अर्थ आहे. लघवीचा काही त्रास नसताना केवळ कॅन्सरसाठी सरसकट घेऊ नये. काहींची इच्छा कमी होते, ताठरता कमी होते, छाती हुळहुळते किंवा सुजते. हे आधी माहीत असावं. कॅप्सूल फुटलेली असेल तर घरातल्या गरोदर बाईने तिला हात लावू नये. औषध थांबवल्यावरही सहा महिने रक्तदान करता येत नाही, कारण ते अंगातून फार सावकाश जातं. आणि स्वतःच्या मनाने कॅप्सूल बंद करू नका, लघवी अडकून कॅथेटर (लघवीची नळी) घालायची वेळ येऊ शकते.

तरुण मुलांसाठी एक : केस गळतात म्हणून घेतात ती १ मिलिग्रॅमची फिनास्टेराइडही पीएसए खाली ओढते.

प्रश्न : मेहुण्यांना हार्मोनचं इंजेक्शन दिलं आणि त्यांचा पीएसए शून्यावर आला. मीही घेऊन टाकू का? मुलगा म्हणतो मधुमेहाची मेटफॉर्मिनही कॅन्सर रोखते. (सातारा)

उत्तर : मेहुण्यांचा आजार पसरलेला किंवा जास्त जोखमीचा असणार, तिथे ते इंजेक्शन योग्यच. तुमच्या अवस्थेत नाही. हार्मोन दाबल्याने हाडं ठिसूळ होतात, वजन आणि साखर वाढते, अंगातून गरम वाफा येतात, हृदयावर ताण येतो. बायकॅल्युटामाइड १५० मिलिग्रॅम हे पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणारं औषध ‘लक्ष ठेवू’ गटातल्या रुग्णांना देऊन बघितलं, तेव्हा मृत्यू कमी होण्याऐवजी वाढण्याकडे कल दिसला आणि कॅनडाने २००३ मध्ये त्या वापराची परवानगी काढून घेतली. त्याच प्रकारच्या नव्या एन्झाल्युटामाइडचा एक वर्षाचा अभ्यास २२७ जणांवर झाला. गोळी चालू असताना कॅन्सर सरकण्याचा धोका ४६ टक्क्यांनी उतरला, पण तो फायदा पुढे टिकला नाही, आणि निम्म्याहून जास्त लोकांना थकवा, एक तृतीयांशाहून जास्त जणांना छातीची वाढ झाली.

मेटफॉर्मिन मधुमेहासाठी चालू असेल तर चालू ठेवा. कॅनडात देखरेखीखालच्या चारशेहून जास्त पुरुषांना ८५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देऊन पाहिलं. २०२४ मध्ये निकाल आला, कॅन्सरवर काही फायदा नाही. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनचंही तेच : हृदयासाठी लिहून दिली असेल तर चुकवू नका, कॅन्सरसाठी म्हणून सुरू करू नका.

प्रश्न : वर्षभरात पीएसए ५.८, ७.१, ६.० असा आला. तीन वेगवेगळ्या लॅबचे रिपोर्ट आहेत. धास्तावलोय. (फलटण)

उत्तर : वेगवेगळ्या लॅबची यंत्रं वेगळी, आकडे थेट जुळत नाहीत. एकच लॅब धरा. उपाशीपोटी जायची गरज नाही. रक्त देण्याआधी दोन दिवस शरीरसंबंध आणि सायकल टाळा. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर आधी त्यावर उपचार, मग सहा आठवड्यांनी पीएसए. बायॉप्सी किंवा कॅथेटरनंतरही तेवढंच थांबा. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर सांगा, काही यंत्रांवर त्यामुळे आकडा चुकतो. एकच आकडा चढला तर दोन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. तुमच्या तीन आकड्यांत सरळ चढ दिसत नाही. खरी काळजी कधी, तर आकडा तीन वर्षांच्या आत दुप्पट व्हायला लागला तेव्हा.

प्रश्न : मी ५९ वर्षांचा. रोज अजिंक्यताऱ्यावर चढून जातो. व्यायामाने फरक पडतो का, की जोर टाळायचा? (सातारा)

उत्तर : चढत राहा. कॅनडातल्या ५२ पुरुषांच्या एका छोट्या अभ्यासात आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे, थांबून-थांबून जोराचा चालण्या-धावण्याचा व्यायाम दिला. दमसास तर वाढलाच, पीएसएचा चढही मंदावला. त्याच पद्धतीने गडाच्या रस्त्यावर दोन मिनिटं अशी चढा की बोलताना वाक्य तुटावं, मग दोन मिनिटं सावकाश, असे सात-आठ फेरे, आठवड्यातून तीन दिवस. बाकी दिवशी साधं अर्धा तास. मधुमेह, रक्तदाब असेल किंवा छातीत भरून येत असेल तर आधी हृदयाची तपासणी करून घ्या. आठवड्यात दोनदा उठाबशा किंवा वजनाचा व्यायाम जोडा, पायांतली ताकद टिकते.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी ग्लीसन ६ निघाला. ‘त्रास नाही तर कशाला तपासायचं?’ म्हणून गेल्या वर्षी गेलेच नाहीत. उपचार घ्यायची वेळ आली हे कसं ओळखायचं? आणि मला स्वतःला काही करायला हवं का? (जत)

उत्तर : त्रास सुरू होण्याची वाट बघायची नसते. हा कॅन्सर पुढे सरकला तरी सुरुवातीला काहीच जाणवत नाही. कॅन्सरमुळे कंबर दुखायला लागते तेव्हा बहुधा तो हाडात गेलेला असतो. देखरेख कोलमडते ती अशीच, एक तारीख चुकून. ऊसतोड, लग्नसराई, दिवाळी, काही ना काही निमित्त मिळतं. त्यांना याच महिन्यात पीएसएला न्या आणि एमआरआयची वेळ घ्या. बायॉप्सी दोन वर्षांपूर्वीची असेल तर तीही आता करायला हवी.

उपचाराकडे वळायचं ते यांपैकी काही दिसलं तर : नव्या बायॉप्सीत ३+४ किंवा वरचा दर्जा, आधीपेक्षा बरेच जास्त तुकडे बाधित, एमआरआयमध्ये गाठ वाढलेली किंवा नवी, बोटाला नवी गाठ लागणं. नुसता पीएसए वाढला तर आधी तपासण्या, मग निर्णय. तब्येत फार खालावलेली असेल किंवा वय खूप पुढे गेलं असेल, तर डॉक्टरांशी बोलून बायॉप्सीच थांबवता येते. तोही एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. आणि रोजच्या काळजीने वडिलांची झोपच उडाली असेल तर तेही उपचार घेण्याचं वैध कारण आहे, ते डॉक्टरांना मोकळेपणी सांगा.

बायॉप्सीपूर्वी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल स्वतः बंद करू नका. स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. माशाच्या तेलाच्या, हळदीच्या, लसणाच्या कॅप्सूल चालू असतील तर तेही सांगा. बायॉप्सीनंतर लघवीत, वीर्यात थोडं रक्त दिसतं, ते थांबतं. पण थंडी वाजून १०१ च्या वर ताप आला किंवा लघवी अडली तर रात्र असली तरी त्याच वेळी दवाखाना गाठा. क्रोसिन देऊन सकाळ बघायची नाही. रक्तात जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर येतो.

एका वहीत चार रकाने करा : तारीख, पीएसए, त्या वेळी चालू औषधं, पुढची तारीख. बायॉप्सीचा रिपोर्ट मूळ ठेवा, आणि लॅबकडून मेणाचे ठोकळे व काचा मागून घ्या. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्यायचं झालं तर तेच लागतात.

तुमच्या बाबतीत : वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर असेल तर पंचेचाळिसाव्या वर्षी पहिला पीएसए करावा. वडिलांच्या आईला, बहिणीला किंवा आत्याला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर झाला असेल तर वडिलांच्या डॉक्टरांना हे नक्की सांगा. बीआरसीए-२ या जनुकातला दोष असल्यास त्यांचाच आजार कमी जोखमीचा राहत नाही, देखरेखीचा सगळा बेत पुन्हा ठरवावा लागतो, आणि तुमची तपासणी चाळिशीतच सुरू करावी लागते.